मी डोह खोल केला त्याची गोष्ट

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या वळणावर एक डोह आहे. मधलं एक वर्ष तो नव्हता, आणि तो नसण्याचं कारण मी. गावात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे लपवण्यात काही अर्थ राहिलेला नाही. उलट मी सांगितली नाही तर दुसरे सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात मी जरा जास्तच बावळट असतो. म्हणून एकदा माझ्या हातानं लिहून ठेवतो.

मी भूगोलाचा मास्तर. कारंज्याच्या एका हायस्कुलात नोकरी झाली. भूजलाचा धडा इतक्या वेळा शिकवला की फळ्यावर विहिरीचा छेद डोळे मिटून काढायचो. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळ खडक, त्याखाली अखंड खडक, आणि मधे निळ्या खडूनं पाणी. शाळेत निळे खडू नेहमी कमी असत, म्हणून माझ्या विहिरीलाही पाणी कमीच असायचं. निवृत्त झालो आणि बायकोला घेऊन गावी परत आलो. गाव शेलूबाजारहून आत. जीप मिळाली तर जीप, नाही तर कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसायचं.

परत आलेल्या मास्तराला गाव दोन कामं देतं. लग्नपत्रिकेच्या मजकुरातल्या चुका काढायच्या, आणि कुठल्या तरी समितीचं सचिव व्हायचं. पत्रिकांचा हंगाम संपला तेव्हा गावात पाण्याची योजना आली. सरपंच म्हणजे माझ्या चुलतभावाची सून. तिनं मला बोलावलं आणि सांगितलं, मामाजी, कागद तुमी पाहा, बाकी आमी पाहतो. मी कागदही पाहिले आणि बाकीचंही पाहायला गेलो. घोटाळा तिथेच सुरू झाला.

योजनेत बरंच काही होतं. टेकडीवर चर, शेतांना बांध, झाडं, आणि नाल्याचा गाळ काढून त्याची खोली वाढवणं. चर आणि बांधांची कामं बरी झाली, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ती माझ्या देखरेखीखाली नव्हती. नाला माझ्याकडे होता.

आता डोहाबद्दल सांगितलं पाहिजे. नाला पावसाळ्यात वाहतो, थंडीत बारीक धार राहते आणि होळीच्या आसपास तीही जाते. पण वळणावरच्या या डोहात मृगापर्यंत पाणी थांबायचं. मोठं नाही, गुरांपुरतं. गावातल्या बाया चुली लिंपायला या डोहाच्या काठची माती नेत, कारण ती तडकत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या गावाचे बैल इथे धुतले जात. आणि रोज दुपारी गायकी गावाची गुरं इथे पाण्यावर आणायचा.

गायकी म्हणजे सगळ्या गावाची गुरं चारणारा. सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आखरावर, घरोघरची गुरं जमतात, तो ती घेऊन जातो आणि दिवे लागायच्या आत परत आणतो. जनावरामागे घरोघरून धान्य मिळतं, आणि अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं पुढचं साल ठरतं. आमचा गायकी आणि मी चौथीपर्यंत एका वर्गात होतो. पुढे मी भूगोल शिकायला गेलो आणि तो भूगोलातच राहिला. त्याला शेत नाही. जे आहे ते गुरांच्या मागे चालणं.

काम सुरू व्हायच्या आधी मी नाल्यावर खुणा करत होतो, हातात टेप आणि चुन्याची पिशवी. तो झाडाखाली बसला होता. म्हणाला, "मास्तर, गाळ काढून नेला तं बरंच होईल. पण त्याच्या खालच्या चिकणीले हात लावू नोको."

मी विचारलं, का.

"वरच्या वळणावर चिकणी नाही. तठी पाणी थांबते का? पाऊस उघडला का खडखडीत. अठी थांबते. काहून थांबते, सांग बरं."

मी सांगितलं की इथे उतार कमी आहे म्हणून थांबतं. वर काडी घेऊन जमिनीवर छेद काढून दाखवला. त्यानं तो नीट पाहिला, माझ्या छेदावरून त्याच्या गाई गेल्या, आणि तो उठून गेला.

आता, नियमांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की गाळ काढावा आणि मुरूम लागला की थांबावं. हे मला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. ग्रामसभेत ते मीच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, वाक्याचा अर्थ उलगडून सांगितला होता आणि एका म्हाताऱ्याला डुलकी लागली म्हणून त्याला प्रश्नही विचारला होता. पण शेजारच्या गावाचा नाला आमच्या आधी झाला होता. तिथला सचिवही निवृत्त मास्तर, तोही गणिताचा. तो फोनवर सांगायचा, आमचं इतकं खोल गेलं, आमचं तितकं खोल गेलं. भूगोलाच्या माणसानं गणिताच्या माणसाकडून जमिनीबद्दल ऐकून घ्यायचं, हे मला सहन झालं नाही.

पोकलेनचा ऑपरेटर परमुलखातला होता. गाळ संपून बादलीला निळसर चिकण माती लागली तेव्हा त्यानं यंत्र थांबवलं आणि हातानंच विचारलं, बस का? मी हातानंच सांगितलं, अजून थोडं. चिकणी संपून मुरूम लागला तेव्हा तो खाली उतरला आणि हिंदीत म्हणाला की सर, आता माती नाही. मी म्हटलं, थोडं आणखी. थोडं आणखी म्हणजे बादलीचे दात खडकावर वाजायला लागेपर्यंत. तात्पर्य, मला अडवणारे तिघे होते: पुस्तिका, गायकी आणि यंत्रवाला. तिघांना मी बधलो नाही. आयुष्यात एवढा ठामपणा मी दुसरीकडे कुठे दाखवलेला नाही.

निघालेली माती ज्यांना हवी त्यांनी न्यावी असं ठरलं होतं. वरचा काळा गाळ लोकांनी नेला. खालची चिकणी कोणी घेईना. एवढी चांगली माती वाया कशी घालवायची म्हणून ती मी माझ्या वावरात टाकून घेतली. माझं वावर डोहाच्या खाली, दोन शेतं सोडून. बायको बांधावर उभी राहून पाहत होती. तिनं विचारलं, "अवो, ह्या मातीच्या चुली करतेत. तिच्यात सोयाबीन काहून उगवल?" मी तिला समजावलं की मातीत खनिजं असतात. ती म्हणाली, असतील बाप्पा, आणि घरी गेली.

खोल झालेल्या डोहात मोजपट्टी धरून माझा फोटो काढण्यात आला. मग तालुक्याच्या ठिकाणच्या योजनेच्या कार्यालयातून निरोप आला की चांगल्या कामांची एक पुस्तिका निघणार आहे, तुमच्या गावाची यशोगाथा पाठवा. पाठवायची मुदत पावसाळ्याच्या आधीची होती. यश यायचं होतं पावसाळ्यानंतर. पण मुदत ती मुदत. मी बसलो आणि लिहिलं. मराठीत भूतकाळ फार सोयीचा आहे, एकदा लिहायला लागलं की सगळं होऊनच जातं. डोहाची साठवणक्षमता वाढली. परिसरातील विहिरींची पातळी उंचावली. गुरांच्या पिण्याच्या पाण्याची बारमाही सोय झाली. शेवटचं वाक्य लिहिताना मला गायकीची आठवण झाली आणि बरं वाटलं.

पाऊस आला. डोह काठोकाठ भरला. सरपंचबाईनं नारळ फोडला. मी शेजारच्या गणितवाल्याला फोटो पाठवला. मग पावसानं आठवडाभर उघाड दिली आणि डोह अर्ध्यावर आला. मी म्हटलं, ऊन आहे. पुन्हा पाऊस, पुन्हा भरला, पुन्हा उतरला. एकदा मी काठावर उभा असताना डोहाच्या एका कोपऱ्यात पाण्यावर बारीक भोवरा फिरताना दिसला, न्हाणीच्या मोरीत फिरतो तसा. मी तिथून दुसरीकडे पाहिलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी लोक बैल घेऊन आले तेव्हा डोहाच्या तळाला खडक उघडा होता आणि त्यावर एक चप्पल पडली होती; वरून येणारी बारीक धार कडेलाच गडप होत होती. लोकांनी बैल परत नेले आणि ज्याच्या त्याच्या घरी मोटारच्या पाइपखाली धुतले. एका बैलाला पाइपाची सवय नव्हती, तो दोर तोडून पळाला. तो बैल माझ्याच अंगणात शिरला, यात कोणाचा हात नव्हता असं मी धरून चालतो.

पाणी गेलं कुठे हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. ते माझ्या विहिरीत होतं. भेगाळ खडकातून उतारानं सरळ खाली, फळ्यावर मी काढायचो अगदी तसं. माझ्या विहिरीला त्या वर्षी जितकं पाणी लागलं तितकं माझ्या बापालाही कधी दिसलं नव्हतं. आणखी एक गोष्ट होती. योजनेत पातळी मोजण्यासाठी गावातली एक विहीर निवडायची असते. ती निवड मी केली होती. रोज दुसऱ्याच्या वावरात कोण जाणार, म्हणून मी माझीच विहीर निवडली होती. त्यामुळे अहवालात आमच्या गावाचं भूजल झपाट्यानं वाढत होतं.

गावाच्या बाजूनं हिशेब अगदी सोपा होता. डोहाची माती मास्तराच्या वावरात, डोहाचं पाणी मास्तराच्या विहिरीत. मी हे मुद्दाम केलं नाही हे सिद्ध करायचं तर मी मूर्ख आहे हे सिद्ध करावं लागत होतं. दोन्हींतून निवड करायला मला काही दिवस लागले.

दिवाळीच्या आधी यशोगाथांची पुस्तिका छापून आली. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर गठ्ठा पडला होता. गायकीनं एक उचलली आणि आमचं पान काढून बोट ठेवत ठेवत वाचलं. चौथीतही तो असाच वाचायचा, पण एक अक्षर सोडायचा नाही. मी समोर बसलो होतो, निघून जायला जागा नव्हती. बारमाही सोय झाली, इथपर्यंत तो आला आणि थांबला.

"मास्तर, हे कोणत्या गावचं लिहिलं?"

त्यात राग नव्हता. त्याला खरंच वाटलं असावं की पान चुकलं.

तोवर त्याचं काय झालं होतं ते मला माहीत होतं. डोह गेल्यावर तो गुरं पलीकडच्या तलावावर नेऊ लागला होता. जाऊन येऊन दिवसाचं चालणं दुप्पट. गाई थकून येत, दूध आटलं, एक गाभण गाय रस्त्यात बसली. दोन घरांनी जनावरं विकली. आणखी काही घरं म्हणत होती की अखजीपर्यंत पाहू, नाही तर दावणीलाच बांधू. गुरं दावणीला बांधली तर गायकीचं काम संपलं. त्याचा मुलगा पुण्याकडे कारखान्यात आहे. तो बापाला बोलावत होता, गेटवर बसायचं काम पाहून ठेवलं होतं. गायकी आयुष्यात कधी खुर्चीवर बसून राहिलेला नाही. ओट्यावरसुद्धा तो उकिडवा बसतो.

मी तालुक्याला गेलो. साहेब तरुण होते, चांगले होते, त्यांनी चहा दिला. मी सांगितलं की डोह जरा जास्त खोल झाला, थोडी माती परत टाकायची आहे, काही तरतूद होईल का. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले की सर, खर्चात माती काढायचं हेड आहे, टाकायचं हेड नाही. काढलेलं मोजून पुस्तकात चढलं आहे. आता परत टाकलं तर ते काढलंच नव्हतं असं होईल. आणि तुमच्या गावाची पातळी तर वर गेली आहे. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या विहिरीची रेघ वर वर चढत होती. एवढा सुंदर आलेख मी वर्गातही कधी काढला नाही. तो माझ्याच मोजणीवरून काढलेला होता, त्यामुळे त्याला खोटंही म्हणता येईना.

त्यांचा दोष नव्हता. खोदलेलं एकदा येऊन मोजता येतं. थांबलेलं मोजायचं तर वर्षभर पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि एवढ्या गावांना येणार कोण. त्यासाठीच गावात सचिव नेमलेला असतो. तो मी.

परत आलो तोवर गावातलं सोयाबीन काढून झालं होतं. माझ्या वावरात चिकणी टाकलेल्या तुकड्यात ते कमरेला काय, घोट्यालाही आलं नव्हतं. पाणी साचून पिवळं पडलं आणि बसलं. माती मात्र ढेकळांची तशीच पडून होती. बायको म्हणाली, "जाऊन त्याले विचारा ना. तो काही तुमाले खात नाही."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी आखरावर गेलो आणि गुरांच्या मागे चालू लागलो. गायकीनं का आलास वगैरे विचारलं नाही. तलावापर्यंतची वाट किती लांब आहे ते मला त्या दिवशी कळलं. नकाशावर ती बोटभर दिसते. दुपारी गुरं पाण्यावर लागली तेव्हा मी त्याला सांगितलं की तू म्हणत होतास ते बरोबर होतं, पाणी उतारामुळे थांबत नव्हतं.

तो म्हणाला, "ते मले माहीत हाय."

मी विचारलं, आता काय करता येईल?

एक वासरू दलदलीत जात होतं त्याला त्यानं हाक मारून वळवलं. मग म्हणाला, "जी नेली ते माती परत आन. सारी. नाल्याले अजून धार हाय तोवर आन. तुडवायचं माह्यावर सोड."

"माणसं लागतील," मी म्हटलं.

"मानसाहीच्या पायानं नाही होत. चार पायाचे लागतात. अन् हे पाय," त्यानं माझ्या चपलांकडे पाहिलं, "याचा उपेग नाही."

तो आणखी एक गोष्ट म्हणाला, ती सांगतो. म्हणाला, "पाह्य मास्तर. डोह बंद झाला तं तुह्या विहिरीचं पानी जाईल. मंग मायावर नाव नोको ठेवू." मी म्हटलं ठेवणार नाही. हे मी सहज म्हटलं. घरी येईपर्यंत लक्षात आलं की त्या पाण्यावर मी गहू पेरायचं ठरवलं होतं आणि बियाणं आणूनही ठेवलं होतं.

सरपंचबाईला सांगितलं. तिनं विचारलं, "मामाजी, ठराव लिहायचा का?" मी म्हटलं, या वेळी आधी काम होऊ दे. तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग स्वतःच्या घरचा ट्रॅक्टर दिला.

माती खणून भरायला आठ दिवस गेले. गावातल्या लोकांनी मदत केली, पण बिनबोलता केली नाही. एक जण म्हणायचा, मास्तर, ढेकूळ मोजून देता का. दुसरा म्हणायचा, थोडं खनिज ठेवा तुमच्यासाठी. बायको जेवण घेऊन यायची. तिनं एक टोपलीभर चिकणी चुलीसाठी बाजूला काढली. मी म्हटलं, अवं, सगळी परत द्यायची आहे. ती म्हणाली, "ही मायी हाय. मी तुमच्या आधीपासून नेतो."

मग तुडवणं. आधी भेगांमध्ये बारीक गोटे आणि मुरूम ठासला, त्यावर वीतभर चिकणी पसरली, नाल्याची धार वळवून ती भिजवली, आणि गायकी गुरं घेऊन आला. गुरं उतरेनात. त्यांनी चिखलाचा वास घेतला आणि काठावर उभी राहिली. मला वाटलं मागून हाकलायला हवं. मी हातवारे करत मागे गेलो तर गुरं दोन्ही बाजूंनी फुटली, आणि उतारावर घसरून मीच खाली चिकणीत जाऊन बसलो. गुडघ्यापर्यंत. पाय निघेना. गायकी शांतपणे म्हणाला, "हा. असंच करायचं हाय. पण तू नको करू." त्याला बाहेर ओढताना दोन माणसं हसून हसून खाली बसली. "त्याला" म्हणजे मला. लिहितानाही त्या जागी आपण होतो हे पटत नाही.

गायकीनं एक म्हातारी पांढरी गाय पुढे घातली. तिच्या गळ्यात हात टाकून तिच्याशी बोलत तो स्वतः चिखलात उतरला. ती गेली, तिच्यामागे बाकीची गेली. या काठानं उतरायची, गोल फिरायची, त्या काठानं चढायची. सकाळी तलावाकडे जाताना एकदा, संध्याकाळी येताना एकदा. दुसऱ्या दिवशी दुसरा थर. खुरांखाली ढेकळं दबून त्यांची कणकेसारखी लगदी झाली. कोपऱ्यात, जिथे भोवरा दिसला होता, तिथे माती रोज थोडी खचायची. गायकी तिथे कोपरापर्यंत हात घालून पाहायचा आणि मला सांगायचा, अठी अजून दोन टोपल्या. पंधरा दिवस हे चाललं. गाई थकल्या, तोही थकला. एक दिवस ताप असताना आला. मी म्हटलं, आज राहू दे. तो म्हणाला की अर्धी तुडवलेली तशीच वाळली तर तडकेल, मग सगळं पुन्हा.

धार आत सोडली तेव्हा पाणी गढूळ झालं आणि थांबलं. मी रोज सकाळी काठी रोवून पाहायला जायचो. ती खूण कोणाला पाठवली नाही. पौषात पाणी काठीच्या खुणेवर होतं. माघात थोडं खाली, पण तितकं ऊन खातंच. माझी विहीर मात्र खाली खाली जात राहिली. गहू पेरला नाही, हरभरा पेरला, तोही एका पाण्यावर आला तेवढा आला. कार्यालयातून फोन आला की तुमच्या गावाची पातळी एकदम का घसरली, मोजायला चूक झाली का. मी सांगितलं की चूक झाली होती, पण मोजण्यात नाही. त्यांनी लेखी मागितलं. मी चार पानं लिहून पाठवली, सगळं, भोवऱ्यासकट. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. साहेबांची बदली झाली असं ऐकलं.

होळी गेली, नाला कोरडा पडला, आणि डोहात पाणी होतं. गायकीनं गुरं तलावावर न्यायचं बंद केलं. दूध हळूहळू परत आलं. ज्यांनी जनावरं विकली होती त्यांची काही परत आली नाहीत, ती उणीव राहिली. कळप पहिल्यापेक्षा लहान आहे.

अखजीच्या सकाळी मारुतीच्या पारावर लोक जमले. घराघरातून आमरसाचा वास येत होता, त्यामुळे कोणालाच लांबण लावायची नव्हती. पुढच्या सालासाठी गुरं कोण देणार, असं सरपंचबाईनं विचारलं. एकानं हात वर केला, मग दुसऱ्यानं. दावणीला बांधू म्हणणाऱ्यांनीही केला, जरा उशिरा. मग सगळे गायकीकडे पाहू लागले. तो उकिडवा बसला होता, हातातल्या काठीनं जमिनीवर रेघा मारत.

"साल घेतो," तो म्हणाला. "पण पहिले चार दिवस सुट्टी पायजे. पोराकडं पुण्याले जाऊन येतो. तो फोनवर मानून नाही राह्यला. त्याले तोंडानं सांगून येतो का मी येत नाही."

चार दिवस गुरं कोण नेणार, असं कोणी तरी विचारलं. सगळे माझ्याकडे वळून बघू लागले. मी मागे कोणी आहे का ते पाहिलं. मागे मारुती होता.

पहिल्या दिवशी मी गुरं नेली असं म्हणणं बरोबर नाही, त्यांनी मला नेलं. ती पांढरी म्हातारी गाय पुढे आणि मी सगळ्यात मागे. दुपारी ती आपणहून डोहावर उतरली. मी झाडाखाली बसून गुरं मोजली, एक कमी आली, पुन्हा मोजली, एक जास्त आली. तेवढ्यात पुण्याहून गायकीचा फोन आला.

"पान्यावर आल्या का?"

मी म्हटलं, आल्या.

"किती हाय पानी?"

"गुडघ्याला."

"कोनाच्या?"

मी उठून काठाशी गेलो आणि नीट पाहिलं. म्हटलं, "गाईच्या."

"मंग पुरते. घे, पोराले सांग. मायं तो ऐकत नाही."

मुलगा फोनवर आला. त्यानं मला काका म्हटलं आणि विचारलं की खरंच पाणी आहे का, बाप नुसताच हट्ट तर करत नाही ना, उन्हाळा निघेल का? मी त्याला म्हटलं की मृगापर्यंत जाईल की नाही ते मला सांगता येत नाही. आज आहे. गाई पीत आहेत. एक कोपरा अजून ओला होऊन खचतो, तिथे आल्यावर तुझ्या बापाला पुन्हा माती घालावी लागेल, मी टोपल्या आणून देईन. तो म्हणाला, बरं, बाबांना मंगळवारच्या गाडीत बसवून देतो.